शंभरातले अकरा

दोघांचाही ताप उतरून दोन दिवस झाले होते आणि सन्मती मगदूमच्या मते आता काळजीचं कारण उरलं नव्हतं. तरी नियम म्हणजे नियम. सातव्या दिवशी आरोग्य केंद्रात येऊन शेषांक काढून घ्यायचाच होता. तो आणि त्याची बायको त्रिशला जयसिंगपूरच्या केंद्रात बाकावर बसून होते. पलीकडच्या बाकावर एक बाई मोबाइलवर कुणाला तरी सांगत होती, "बारा आला गं, बारा! सुटले बाई." तिचा आनंद बघून सन्मतीला हसू आलं. त्रिशला हसली नाही. ती खाली बघून पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

माघात सुरू झाली म्हणून या साथीला लोक माघी ताप म्हणत. चार-पाच दिवस अंग मोडून यायचं, घसा धरायचा आणि ताप जायचा. दगावणारे फार थोडे. खरी धास्ती पुढची होती. काही जणांचा ताप जायचा, पण आजार जायचा नाही. महिनोन् महिने थकवा, धाप, छातीत धडधड, बोलता बोलता शब्द हरवणं. कुणाचं असं होईल, हे पूर्वी सांगता येत नसे. आता येऊ लागलं होतं.

डॉक्टर शिरीन नदाफ यांनी दोघांना आत बोलावलं. बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. रोज तीस-चाळीस जणांना तेच समजावून सांगायचं असूनही त्या घाई करत नसत.

"शेषांक म्हणजे भविष्य नव्हे," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी शंभर माणसं घेतली, तर सहा महिन्यांनीही त्यातली किती पूर्ण बरी झालेली नसतील, तेवढाच तो आकडा. वय, बाई की पुरुष, दमा, साखर, ताप किती कडक होता, हे सगळं त्यात येतं. शिवाय रक्त सांगतं ते. विषाणूचे तुकडे अजून फिरताहेत का, शरीर स्वतःवरच उलटलंय का, लहानपणी येऊन गेलेले आणि शरीरात निजलेले जुने विषाणू पुन्हा जागे झालेत का. आणि ताण. ताण किंवा आजार खूप दिवस राहिला की जनुकांवर बारीक खुणा उमटतात. उमटायला वर्षं लागतात, पण मग त्या झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या वाचता येतात."

त्यांनी पडदा वळवला. "सन्मतीभाऊ, तुमचा अकरा. उद्यापासून कामावर जायला हरकत नाही. आणि त्रिशलाताई, तुमचा…" त्यांनी आकडा पुन्हा पाहिला. "त्र्याऐंशी."

सन्मतीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्रिशला एक्केचाळीस वर्षांची, अंगानं सडपातळ. दमा नाही, साखर नाही. शाळेत भूगोल शिकवायची आणि वर्षाला दोन दिवससुद्धा रजा घ्यायची नाही.

"हे घटकपत्रक बघा," डॉक्टर म्हणाल्या. "त्र्याऐंशीतले चौतीस या एका ओळीचे आहेत."

ती ओळ सन्मतीनं मोठ्यानं वाचली. "पूर्वीचा रेंगाळलेला आजार. होय. सुरुवात अंदाजे आठ वर्षांपूर्वी. कालावधी अठरा ते वीस महिने. उपचाराची नोंद नाही." तो हसला. "डॉक्टर, यात काहीतरी घोटाळा आहे. दुसऱ्या कुणाचं रक्त असेल. हिला असलं काही झालंच नव्हतं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या त्रिशलाकडे बघत होत्या. "ताई?"

"झालं होतं," त्रिशला म्हणाली.

डॉक्टरांनी पुढचं जरा हळू आवाजात सांगितलं. एकदा असं होऊन गेलं असेल तर पुन्हा व्हायची भीती सगळ्यात जास्त. यावर गोळी नाही. उपाय एकच, पहिले बारा आठवडे विश्रांती, तीही अगदी काटेकोर. मनगटावर पट्टी बांधायची. नाडी ठरल्या मर्यादेच्या वर गेली की ती थरथरेल, तेव्हा जे चाललं असेल ते तिथंच थांबवायचं. साठच्या वर शेषांक असलेल्यांना सरकारी नियमानं बारा आठवड्यांची रक्षण रजा मिळते, ती शाळेला द्यावीच लागेल. दर आठवड्याला येऊन पुन्हा अंक काढायचा.

गाडी रेल्वे फाटकाशी थांबली, तेव्हा सन्मतीनं मागे न वळता विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही मस्कतला होता. आपली रिद्धी सात वर्षांची होती. ताप येऊन गेला आणि पुढं महिनाभर मला जिना चढवेना. तुम्हाला फोनवर सांगितलं, वर्गात कृष्णेच्या उपनद्या सांगताना मधेच काही आठवेना, पोरं बघत बसली. तुम्ही हसलात. म्हणालात, मलाही आठवत नाहीत, म्हणून काय मी आजारी आहे?"

मालगाडी धडधडत गेली. फाटक उघडलं. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा कुठे सन्मतीनं गाडी पुढे काढली.

त्याला आता आठवत होतं. तीन वर्षं तो मस्कतच्या एका शीतगृहात होता. आव्वाचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन यायचा. "तुझी बायको शाळेतनं आली की आडवी होते बघ. ताट वाढायलासुद्धा उठत नाही." मग तो त्रिशलाला फोन करायचा. एकदा त्यानं विचारलं होतं, "तुला घरात काम करायचा कंटाळा येतो का, सरळ सांग." त्यानंतर तिनं तब्येतीचा विषय काढला नव्हता. ती बरी झाली, असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं घराचा ताबा घेतला. पहाटे पाच वाजता उठायचं, पाणी भरायचं, आव्वाचं गरम पाणी, नाश्ता, दोन वेळची भाजी. घरात सूर्यास्ताच्या आत जेवायची पद्धत होती. त्यामुळं दूध प्रकल्पातली पाळी संपली की तो धावतपळत घरी यायचा आणि पाच वाजता भाकरी थापायला बसायचा. त्रिशलानं काही म्हणजे काही करायचं नाही. तिनं पाण्याचा तांब्या उचलला तरी तो म्हणे, "ठेव, ठेव. मी देतो."

पट्टीचे आकडे त्यानं आपल्या मोबाइलवर जोडून घेतले होते. प्रकल्पात काम करता करता तो दर दहा मिनिटांनी तिची नाडी बघायचा. नव्वद दिसली की फोन. "काय करतीयेस?"

"आंघोळ."

"बसून करतीयेस ना?"

"होय."

"मग शंभरवर कशी गेली?"

"तुमचा फोन वाजला म्हणून."

पुण्याला शिकणाऱ्या मुलीचा फोन आला, तर तो बाहेर जाऊन रिद्धीला आधी बजावायचा, "आईला परीक्षेचं काही सांगू नकोस, टेन्शन येईल." शेजारणी बघायला आल्या तर दारातूनच परत. तसंही आता कुणाकडे गेलं की लोकांचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसे. "शेषांक किती आला?" असं विचारत. त्र्याऐंशी म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, की त्रिशलानं घराबाहेर बघणंच सोडलं. ओळखीत एका मुलीचं ठरलेलं लग्न एकाहत्तर आला म्हणून पुढे ढकललं होतं. मग त्याविषयी कुणी बोलेचना.

चौथ्या आठवड्यात शेषांक पुन्हा काढला. तो उतरायला हवा होता. सत्याऐंशी आला.

सन्मती खुर्चीत पुढे सरकला. "एवढी विश्रांती घेऊन? डॉक्टर, मी हिला हलू देत नाही!"

डॉक्टर नदाफ पत्रक वाचत होत्या. "विषाणूचे तुकडे कमी झालेत. सूज उतरलीय. वाढलाय तो ताण. सकाळची संप्रेरकं बघा, माणूस सारखा पहाऱ्यात असल्यासारखी आहेत. त्रिशलाताई, घरात कशाचा ताण आहे?"

त्रिशलानं नवऱ्याकडे न बघता सांगितलं. "यांचा."

सन्मतीनं हातातला मोबाइल पालथा ठेवला.

"वाईट म्हणून नाही हो," ती डॉक्टरांनाच सांगत होती. "जिवापाड करतात. पण मी श्वास घेतला तरी यांना कळतो. तेव्हा कुणी विश्वास ठेवत नव्हतं, तर निदान एकटी तरी पडून राहायची."

घरी आल्यावर त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला. "तुझे आकडे यातनं काढून टाक. मला जमत नाही." तिनं काढून टाकले. पहिले दोन दिवस त्याची बोटं सवयीनं पडद्यावर तिची नाडी शोधत राहिली. मग हळूहळू घर सैल झालं. त्रिशला गच्चीत खुर्ची टाकून बसू लागली, बसल्या बसल्या शेंगा सोलू लागली. मुलीशी खरोखरचं बोलू लागली. सहाव्या आठवड्यात चौऱ्याहत्तर, आठव्यात एकोणसाठ. डॉक्टर म्हणाल्या, "असंच चालू द्या."

घरातलं काम मात्र सन्मतीकडेच होतं. आणि याच दिवसांत त्याला काहीतरी होऊ लागलं.

आधी पोटऱ्या. प्रकल्पाचा लोखंडी जिना तो एका दमात चढायचा, आता मधल्या पायरीवर कठडा धरून उभा राहायचा. झोप पुरेना, असं त्याला वाटलं. मग एका रविवारी त्यानं दहा तास झोप काढली आणि उठला तो आणखी दमून. दाढी करायला हात वर धरला की खांदे भरून यायचे. कढईत फोडणी टाकली आणि पुढे काय टाकायचं ते सुचेना, असं दोनदा झालं. आव्वा म्हणाली, "अरे, तेच भांडं तिसऱ्यांदा घासतोयस." त्यानं हसून वेळ मारून नेली.

मनात मात्र भीतीनं घर केलं. तो स्वतःला समजवायचा, आपला अकरा आहे. अकरावाल्याला होत नाही. आपण कामानं दमलोय, दुसरं काही नाही. आणि समजा असलंच, तर सांगायचं कुणाला? त्रिशलाला? फोनवर तिला काय काय बोललो होतो, ते आता त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. तिच्यासमोर उभं राहून "मला जिना चढवत नाही" हे वाक्य उच्चारायची त्याला लाज वाटत होती. शिवाय तिचा अंक आत्ता कुठे उतरत होता. ताण द्यायचा नव्हता. हे कारण बरं होतं. त्याआड लपता येत होतं.

नववा आठवडा. बुधवार, दुपारचे अडीच. सन्मती दूध प्रकल्पाच्या शीतकरण विभागात पाळीप्रमुख होता. हजारो लिटर दूध थंड ठेवायचं ते अमोनियावर. त्या यंत्रात साठलेलं तेल आठवड्यातून एकदा खालच्या तोटीतून काढून टाकावं लागतं. तेल संपलं की त्याच तोटीतून अमोनिया येतो आणि अमोनिया माणसाला श्वासही घेऊ देत नाही. म्हणून तेल काढताना तोटीवरचा हात सोडायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. सन्मतीनं तो पंचवीसएक पोरांना शिकवला होता.

त्यानं तोटी उघडली. बादलीत काळं तेल पडू लागलं. आणि मग त्याला काहीतरी आणायचं आहे असं वाटलं. काय, ते आठवेना. तो उठला, दाराबाहेर गेला, व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. समोर नारळाचं झाड होतं. ते बघत तो किती वेळ उभा होता, हे त्याला नंतर सांगता आलं नाही.

मागून फिटर इरगोंडाची किंकाळीवजा हाक आली. "साहेब! तोटी!"

तो वास नाकात घुसला तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं. इरगोंडा तोंडावर मुखवटा चढवून आत शिरला होता. भोंगा वाजला. बाटल्या भरणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून फाटकाकडे पळत सुटल्या. एका मिनिटात इरगोंडानं तोटी बंद केली. तो बाहेर आला, मुखवटा काढला आणि भिंतीला टेकून खोकत राहिला. नशिबानं कुणाला इजा झाली नव्हती. डोळे लाल झालेल्या चार बायका मात्र नळाखाली तोंड धूत होत्या. सन्मती त्यांच्याकडे बघत होता. त्यातल्या एकीला सातवा महिना होता.

प्रकल्पाचे व्यवस्थापक कुंभोजकर यांनी संध्याकाळच्या आत त्याची फाईल मागवली. "मगदूम, पाच वर्षांत तुमच्याविरुद्ध एक ओळ नाही. काय झालं?"

"साहेब, मला वाटतंय… तापापासून मला बरं नाही. मधेच काही सुचेनासं होतं."

कुंभोजकरांनी पडद्यावर बघितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना उत्तर हवं होतं आणि ते समोर लिहिलेलं होतं. "तुमचा शेषांक अकरा आहे. अकरा! माझा स्वतःचा बावीस होता, मी रोज येतोय. तुमच्या मिसेसना आहे, मला माहीत आहे. घरचं काम पडतं, झोप होत नाही, समजू शकतो. पण आजाराचं नाव पुढे करू नका. चौकशी समितीत हा निष्काळजीपणाच ठरेल."

सन्मती घरी आला तेव्हा ऊन अजून होतं. घराच्या चौकात एका खुर्चीवर त्रिशला शेंगा सोलत बसली होती. आव्वा जपमाळ घेऊन पलीकडे. त्याच्या कपड्यांना अजून वास होता.

"लवकर आलात?" त्रिशलानं विचारलं.

भाकरीचं पीठ घ्यायला म्हणून तो आत गेला आणि डब्यासमोर उभा राहिला. झाकण काढवेना. हातात बळच नव्हतं. तो तिथंच जमिनीवर बसला. आवाज ऐकून त्रिशला आली. घाईनं नाही, नऊ आठवड्यांच्या शिस्तीनं, भिंतीला हात लावत आली आणि त्याच्यासमोर पाटावर बसली.

त्यानं सगळं सांगितलं. तोटी, नारळाचं झाड, त्या बाया, कुंभोजकर. सांगता सांगता तो म्हणाला, "तसं काही नसेल. माझा अकराच आहे."

त्रिशलानं आकड्याबद्दल काही विचारलं नाही. "कधीपासून?" ती म्हणाली.

आठ वर्षांपूर्वी एवढं एक त्यानं विचारायचं होतं. तिनं ते काही मनात न ठेवता, अगदी सहज विचारलं होतं. म्हणूनच त्याला ते सहन झालं नाही. तो रडला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस पिठाच्या डब्याला डोकं टेकून रडला.

दारातून आव्वा म्हणाली, "ह्याला खरंच काहीतरी झालंय बघ. माझा पोरगा कामाला वाघ आहे. उगीच आडवं पडणाऱ्यातला नाही तो."

बोलून झाल्यावर तिला आपले शब्द ऐकू आले. त्रिशलानं मान वळवली नाही. आव्वा दाराच्या चौकटीला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग आत आली, डब्याचं झाकण उघडलं, पीठ परातीत घेतलं आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी भाकरी थापायला बसली. "त्रिशला," तव्याकडे बघत ती म्हणाली, "तेव्हाही तू अशीच बसली होतीस. ह्याच जागी. मी बघितलं होतं." त्याहून जास्त ती कधीच बोलली नाही.

डॉक्टर नदाफ यांनी त्याला तपासलं. बसवून नाडी, दहा मिनिटं उभं करून नाडी. बसून बहात्तर, उभं राहिल्यावर एकशे अठरा. शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितलं, तो शहाऐंशीवर अडकला.

"मग माझा अंक चुकला होता?" त्यानं विचारलं. अंक चुकला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"नाही. अंक बरोबर होता. सन्मतीभाऊ, अकरा म्हणजे शंभरातले अकरा. ते अकरा जण कुणीतरी असतात. त्यांना घरं असतात, नोकऱ्या असतात. ते याच बाकावर येऊन बसतात. त्यांना मी काय सांगू, तुम्ही एकोणनव्वदातले आहात, घरी जा?" त्यांनी पत्र लिहायला घेतलं. "आम्ही हे अंक काढायला कशासाठी लागलो? जपायचं कुणाला ते आधी कळावं म्हणून. आता लोक त्यावरनं विश्वास कुणावर ठेवायचा ते ठरवतात. तुम्हाला आठव्या दिवशी कामावर पाठवलं ते मीच. वरनं दोन माणसांचं काम तुम्ही अंगावर घेतलंत आणि मी विचारलंसुद्धा नाही. तुमचा कागद स्वच्छ होता."

चौकशी समिती पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला बसली. त्रिशलाही आली. दहावा आठवडा होता, दोन तास बाहेर जायची परवानगी तिनं काढली होती. लांब टेबलामागे तिघं होते. मधल्या गृहस्थांनी डॉक्टरांचं पत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. "नाडीचं काय, घाबरल्यावरही वाढते. शेषांक अकरा असताना रेंगाळलेला आजार, याला रक्तातला पुरावा काय?"

सन्मतीनं बोलायला तोंड उघडलं. शब्द येईना. साधा शब्द, पण सापडेना. तिघं वाट बघत होते. त्यातल्या एकानं घड्याळ पाहिलं.

"मी बोलू का?" त्रिशला म्हणाली. ती बसूनच होती. "माझ्या वेळीही पुरावा नव्हता. आठ वर्षांनी तो रक्तात सापडला. वर्ष, महिने, सगळं. यांचाही सापडेल, आठ वर्षांनी. तोवर यांना कुठं ठेवणार तुम्ही? निष्काळजी म्हणून दंड करा आणि पुन्हा त्याच तोटीपाशी उभं करा. परत हे झाडाकडे बघत राहिले, तर त्या दिवशीसारखं इरगोंडाच तिथं असेल असं नाही. सातवा महिना असलेली बाई मात्र असेल."

तिच्या मनगटावरची पट्टी थरथरू लागली. बारीक घुंग आवाज खोलीभर ऐकू येत होता. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, डोळे मिटले आणि आवाज थांबेपर्यंत हळूहळू श्वास घेत राहिली. मधल्या गृहस्थांनी बाजूला ठेवलेलं पत्र पुन्हा जवळ ओढलं.

निकाल अर्धाच लागला. निष्काळजीपणाची नोंद केली नाही, आजारही मानला नाही. फाईलवर 'अनिर्णित' असा शेरा पडला. सन्मतीला अमोनियापासून दूर केलं, तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली आणि नंतर जमलं तर दूध तपासणीच्या टेबलावर घेऊ, असं सांगितलं. जमलं तर. ते दोन शब्द त्याच्या डोक्यात पुढं कित्येक दिवस फिरत राहिले.

बाराव्या आठवड्याला त्रिशलाचा अंक छत्तीस आला. जूनपासून अर्धा दिवस शाळा. तिच्यावरची टांगती तलवार गेली असं नाही, पण ती थोडी उंच गेली. सन्मतीच्या बाबतीत डॉक्टर काहीच सांगत नव्हत्या. अशांपैकी निम्मे वर्षभरात बरे होतात, एवढंच.

आता घरात शिकवणारी त्रिशला होती. "आंघोळ स्टुलावर बसून करा. केस पुसताना कोपर गुडघ्यावर टेकवा. जिना चढताना पाच पायऱ्या झाल्या की थांबा. दम लागायच्या आधी थांबायचं, लागल्यावर नाही. बरं वाटलं त्या दिवशी जास्त काम करायचं नाही, तोच दिवस फसवतो. शब्द आठवला नाही तर मागं लागू नका. दुसरा घ्या."

"हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही."

मग कुणी, हे त्यानं विचारलं नाही. दीड वर्ष, शाळा करून, घर करून, एकेक करत तिनं हे शोधून काढलं होतं, कुणाला न सांगता. कोपर गुडघ्यावर टेकवायचं हे सुचायला तिला किती दिवस लागले असतील, याचा तो विचार करत राहिला.

एका दुपारी तो पडून होता. खिडकीचा पडदा ओढलेला. आव्वा बाहेरच्या खोलीत टीव्ही आवाज न करता बघत होती. त्रिशला वह्या तपासायला म्हणून आली.

"तेव्हा नक्की काय काय व्हायचं तुला?" तो म्हणाला. "मी कधी विचारलं नाही. सांगशील?"

ती वही हातात धरून उभी राहिली. आपल्याला राग आलाय की नाही, हे तिचं तिलाच बघायचं असावं.

"खूप आहे ते," ती म्हणाली. "एका दिवसात नाही व्हायचं."

"मला कुठं जायचंय?"

"बरं. मग डोळे मिटा आधी. उघडे ठेवून ऐकायलासुद्धा ताकद जाते."

त्यानं डोळे मिटले. तिनं वह्या खाली ठेवल्या, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.